चालू न होणारा संगणक : दोष शोधण्याच्या विद्येचा छोटा इतिहास

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, की सर, इतिहासाच्या व्याख्यानात हा संगणक दुरुस्तीचा क्लास कुठून आला? त्यांचं बरोबर आहे. आपल्या शहरात इतिहास म्हटलं की वेरूळ, दौलताबाद, दरवाजे आणि मकबरा. पण मी आयुष्यभर पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, त्यामुळे माझ्याकडे सांगण्यासारखा इतिहास आहे तो टेबलावरचा. तोच सांगतो.

प्रसंग तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. घरात नवा डेस्कटॉप जोडायचा. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस, कॅबिनेट असे सगळे सुटे भाग आणले. चार तास खपून जोडले. आई मागे चहाचा कप घेऊन उभी. बटण दाबलं. आणि काहीच नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच. दुकानातल्या भाषेत याला ‘नो डिस्प्ले’ म्हणतात. त्या क्षणी दोन प्रश्न उभे राहतात. दोष कुठे आहे, हा पहिला. दोष कोणाचा आहे, हा दुसरा. पहिला प्रश्न तंत्राचा वाटतो आणि दुसरा माणसांचा. पण या दोन प्रश्नांचा एकमेकांशी जवळचा संबंध आहे. तो कसा, तेच आज सांगायचं आहे.

सुरुवात आपल्या गावापासूनच करू. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि पुढे तिला पाणी दिलं ते नहर-ए-अंबरीतून. जमिनीखालून येणारं, उतारावर आपोआप वाहणारं पाणी. आपण या नहरीचं कौतुक करतो ते पाणी आणलं म्हणून. मी इंजिनिअरिंगवाला, मला कौतुक वाटतं ते तिच्या वाटेवर ठेवलेल्या मॅनहोलचं. शंभराहून जास्त ठिकाणी वरून आत उतरायची सोय होती. कशाला? साफसफाईला आणि पाहणीला. विचार करा, शहरात पाणी आलं नाही तर काय कराल? सगळी नहर खणून काढणार का? नाही. मधलं एक तोंड उघडून बघायचं. तिथे पाणी आहे? मग दोष त्याच्या खाली. तिथे नाही? मग दोष वर. पुन्हा त्या अर्ध्या भागाचं मधलं तोंड उघडायचं. तीन-चार खेपांत तुम्ही दोषाच्या जवळ पोचता. बांधणाऱ्याने बांधतानाच हे गृहीत धरलं होतं, की हे कधीतरी बंद पडणार आणि कोणीतरी येऊन शोधणार. त्या येणाऱ्या माणसासाठी त्याने दार ठेवलं.

हे दार लक्षात ठेवा. कारण संगणकाच्या इतिहासात हेच दार कधी उघडलं गेलं, कधी बंद झालं.

आता एकदम विसाव्या शतकात येऊ. १९४६ मध्ये अमेरिकेत एनिॲक जगासमोर आला. त्यात सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या. नळ्या जळायच्या, आणि बहुतेक कधी जळायच्या? यंत्र चालू करताना आणि बंद करताना. गरम होताना, गार होताना. म्हणून त्या लोकांनी सोपा उपाय काढला, यंत्र शक्यतो बंदच करायचं नाही. आता तुमच्या लक्षात येईल की ‘चालू करणं’ हीच यंत्राच्या आयुष्यातली सगळ्यात नाजूक वेळ आहे, हा अनुभव पहिल्या दिवसापासूनचा आहे.

आपल्याकडे काय चाललं होतं? मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे होमी भाभांची टीआयएफआर. तिथे १९५४ च्या अखेरीस आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या एका गटाने ठरवलं, की आपण स्वतः संगणक बांधायचा. विकत घ्यायचा नाही, बांधायचा. त्यांच्यापुढे अडचण होती तीच, जी नवा पीसी जोडणाऱ्या पोरापुढे असते. फरक एवढाच, की विचारायला दुकानदार नव्हता.

त्यांनी काय केलं ते बघा. थेट मोठं यंत्र बांधायला घेतलं नाही. आधी एक छोटं प्रायोगिक यंत्र बांधलं. ते १९५६ मध्ये चालू झालं. त्यात त्यांना कळलं की आपली मंडलं कुठे नीट वागतात, कुठे नाहीत. मग पूर्ण यंत्र हाती घेतलं. ते १९६० च्या फेब्रुवारीत तयार झालं. सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, आणि स्मृती २,०४८ शब्दांची. आज तुमच्या घड्याळातही याच्या कित्येक पट जास्त असते. १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी संस्थेच्या नव्या इमारतीच्या उद्‌घाटनाच्या वेळी या यंत्राला नाव दिलं, टिफ्रॅक.

पुस्तकात हे एका ओळीत येतं, की अमुक साली संगणक कार्यान्वित झाला. पण प्रायोगिक यंत्र आणि पूर्ण यंत्र यांच्या मधली जी साडेतीन-चार वर्षं आहेत, त्यांत बांधणीइतकंच तपासणं होतं. माझ्या मते टिफ्रॅकचा सगळ्यात मोठा धडा गणनाचा वेग हा नव्हता. आधी थोडं जोडा, तेवढं चालवा, मग पुढचं जोडा, हा होता. हा धडा आपण सगळे विसरतो. चार तासांत सगळं जोडून एकदम बटण दाबतो.

पुढे संगणक आले ते परदेशी कंपन्यांचे, बहुतेक भाड्याने. यंत्र तुमच्या ऑफिसात, पण त्याचं झाकण उघडायचं ते कंपनीच्या माणसाने. दोष शोधायची विद्या कंपनीची मालमत्ता. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातला कारभार गुंडाळला, तेव्हा सरकारपुढे पहिला व्यावहारिक प्रश्न आला तो असा, की मागे राहिलेली यंत्रं सांभाळायची कोणी? ते काम एका सरकारी कंपनीकडे गेलं. तिचं नावच बघा, कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, सीएमसी. देशाच्या एका संगणक कंपनीच्या नावात ‘देखभाल’ हा शब्द आहे. मला त्या नावाचं फार अप्रूप वाटतं. दुसऱ्याच्या यंत्रातला दोष आपल्या माणसांनी शोधायचा, हे तेव्हा मोठ्या प्रमाणावर सुरू झालं.

आता १९८१ कडे येऊ. ऑगस्टमध्ये आयबीएमने पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. या यंत्रात दोन गोष्टी अशा होत्या ज्यांनी आपल्यासारख्यांचं आयुष्य बदललं.

एक म्हणजे, चालू होताना यंत्र स्वतःची तपासणी करायचं. याला पोस्ट म्हणतात, पॉवर ऑन सेल्फ टेस्ट. आधी प्रोसेसर, मग स्मृती, मग कीबोर्ड, एकेक करत पुढे जायचं. सगळं ठीक असेल तर एक छोटी बीप. स्मृतीत बिघाड असेल तर पडद्यावर २०१ हा आकडा, कीबोर्डचा असेल तर ३०१. आणि पडदाच चालत नसेल तर? तर आवाज. बीपची कल्पना इथे आहे. ज्याला बोलता येत नाही त्याने निदान कण्हावं. पुढे आपल्या दुकानांतून पोरं त्या बीप पाठ करायची. एक लांब आणि दोन आखूड, म्हणजे डिस्प्ले कार्ड. एकामागून एक लांब बीप, म्हणजे रॅम. कंपनीगणिक संकेत वेगळे, पण कान तयार व्हायचे. डॉक्टरने नाडी बघावी तसं.

दुसरी गोष्ट म्हणजे, आयबीएमने या यंत्राचं तांत्रिक पुस्तक विकायला ठेवलं. त्यात सर्किटच्या आकृत्या होत्या, आणि चालू होताना चालणाऱ्या त्या मूळ प्रोग्रॅमची म्हणजे बायॉसची छापील ओळ न ओळ होती. नहरीवर मॅनहोल ठेवण्यासारखंच हे. त्याचा परिणाम असा झाला की दुसऱ्या कंपन्यांनी तसलीच यंत्रं काढली, सुटे भाग कोणाचेही कोणालाही बसू लागले, आणि ‘असेंबल्ड’ ही जात जन्माला आली.

भारतात नोव्हेंबर १९८४ मध्ये नवं संगणक धोरण आलं, १९९१ नंतर आयात आणखी सैल झाली. त्यातून मुंबईचा लॅमिंग्टन रोड भरभराटीला आला. आता त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण लॅमिंग्टन रोड म्हटल्याशिवाय कोणाला कळत नाही. आपल्या शहरातून आम्ही जायचो. दिवसभर दुकानं फिरायची, भाव करायचा, बोर्ड आणि रॅम टॉवेलात गुंडाळून पिशवीत, आणि रात्री देवगिरी एक्स्प्रेस. पहाटे स्टेशनवर उतरायचं. पिशवी मांडीवरून खाली ठेवायची नाही.

आणि शहरात ही विद्या शिकवणारे कोण होते? १९६० पासूनचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय होतं. विद्यापीठाच्या परिसरात सीईडीटीआय होती, आजची नायलिट. पण खरं सांगू का, हार्डवेअरची विद्या पसरली ती दुकानाच्या मागच्या खोलीत. दहावी नापास पोरगा, हातात स्क्रू ड्रायव्हर, खिशात खोडरबर. हसू नका. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासून पुन्हा बसवल्या की निम्मी बंद यंत्रं चालू व्हायची. त्या पोराला ऑक्सिडेशन हा शब्द माहीत नव्हता. उपाय माहीत होता.

त्या काळातल्या चुकांवरून इतिहास लिहिता येतो, कारण प्रत्येक पिढीच्या यंत्राची स्वतःची चूक असते. जुन्या एटी मदरबोर्डला वीजपुरवठ्याच्या दोन पट्ट्या लागायच्या, पी-आठ आणि पी-नऊ. दोन्ही सारख्या दिसायच्या. उलट बसल्या की बोर्ड गेला. म्हणून मंत्र होता, काळ्या वायरी मध्ये, एकमेकींना लागून. एसएमपीएसच्या मागे लाल बटण असायचं, ११५ आणि २३०. बाहेरून आलेला माल ११५ वर असला आणि कोणी न बघता आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावला, की फट्‌ असा आवाज आणि धूर. पेंटियमच्या सुरुवातीला ७२ पिनची रॅम जोडीनेच बसवावी लागे. एकच बसवली तर यंत्र गप्प.

मग १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाची रचना आणली. तोवर कॅबिनेटच्या बटणापर्यंत घरातली २३० व्होल्टची वीज यायची. एटीएक्समध्ये बटण फक्त विनंती करतं. ते मदरबोर्डला सांगतं, मदरबोर्ड एसएमपीएसला सांगतो, आणि मग वीज येते. म्हणजे ‘बटण दाबलं आणि काहीच झालं नाही’ याला आता एक कारण राहिलं नाही, तीन-चार झाली. बटणाची बारीक वायर चुकीच्या पिनवर असेल. बोर्ड विनंती पुढे पाठवत नसेल. एसएमपीएस ऐकत नसेल. की ऐकून, आत शॉर्ट आहे म्हणून स्वतःच माघार घेत असेल. पोरांनी लगेच युक्ती शोधली. एसएमपीएस बोर्डापासून सोडवायचा आणि त्याच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी तार काळीला जोडायची. पंखा फिरला तर एसएमपीएसमध्ये निदान जीव आहे. पुन्हा नहरीचं तेच, मधलं तोंड उघडून बघायचं. २००० मध्ये पेंटियम फोर आला तेव्हा प्रोसेसरसाठी वेगळा चार पिनचा १२ व्होल्टचा कनेक्टर आला, आणि तो लावायला विसरणं ही जगातली सगळ्यात लोकप्रिय चूक झाली. आजही आहे.

आता इथे मला एक स्वतःची गोष्ट सांगायची आहे. मी ती जाहीरपणे आधी सांगितलेली नाही.

१९९८-९९ ची. मी संध्याकाळी एका दुकानात मदत करायचो. नाव सांगत नाही. गंगापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने मुलीसाठी मशीन सांगितलं होतं. कापसाचे पैसे आले होते, त्यातले. कॅबिनेट मी तयार केलं, बोर्ड बसवायला पितळी खुंट्या असतात ना, त्या मी लावल्या. बाकी जोडणी दुकानातल्या पोराने केली. वय सतरा-अठरा, हात फार चांगला. बटण दाबलं, पंखा एकदा थरथरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, तेच. मी बघितलं आणि निकाल दिला, बोर्ड डेड आहे. आणि वर म्हणालो, हाताळताना उडाला असेल. हे दुसरं वाक्य मी का बोललो, माहीत नाही. शिकवणाऱ्या माणसाला कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बोर्ड मुंबईला गेला. तिथून आठवड्याने परत आला, ‘ओके आहे’ म्हणून. पुन्हा बसवला. पंखा थरथरला, थांबला. पुन्हा मुंबई. तोवर शेतकरी दोनदा एसटीने येऊन परत गेला. मालक चिडले, आणि पोराला काढलं. माझ्या त्या एका वाक्यावर.

तिसऱ्या खेपेला मी वैतागून बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवलाच नाही. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम, डिस्प्ले कार्ड. दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हर टेकवला. बीप आली. स्वच्छ, एक. मग कॅबिनेटमध्ये वाकून बघितलं. एक पितळी खुंटी जास्तीची होती. त्या बोर्डाला तिथे भोकच नव्हतं. ती बोर्डाच्या पाठीला टेकत होती, शॉर्ट होत होता आणि एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होत होता. मुंबईवाल्याच्या टेबलावर बोर्ड चालणारच होता, कारण टेबलाला खुंटी नव्हती.

खुंटी मी लावली होती. मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, जाऊ द्या सर, झालं ते झालं. पोरगा तोवर वाळूजला एका कारखान्यात लागला होता. मी त्याला भेटायला गेलो नाही. जायला पाहिजे होतं.

मी सुरुवातीला म्हणालो की दोष कुठे आणि दोष कोणाचा, हे दोन प्रश्न आहेत. त्या दिवशी मी पहिल्याचं उत्तर न शोधता दुसऱ्याचं दिलं. आणि हे फक्त माझं नाही. जिथे जिथे यंत्र बंद पडतं आणि तपासायची पद्धत नसते, तिथे दोष सगळ्यात खालच्या माणसावर जातो. यंत्राचा इतिहास वाचताना हेही बघायला पाहिजे.

पुढचा काळ तुम्हाला माहीत आहे. २००१ मध्ये एमकेसीएल आली, एमएस-सीआयटी आली, तालुक्या-तालुक्यात संगणकाचे वर्ग निघाले. २००५ नंतरच्या काही वर्षांत मराठवाड्याने लोडशेडिंग भोगलं. वीज जाताना आणि येताना जो झटका बसतो, त्याने किती एसएमपीएस गेले याची मोजदाद कोणी ठेवली नाही. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या, कारण सॉकेटला अर्थिंग नावापुरतं. तेव्हा बोर्ड दोषी नव्हता, घराची वायरिंग होती. म्हणजे तपासणीची सीमा कॅबिनेटच्या बाहेरही जाते.

आणि आज? २०२२ नंतरच्या डीडीआर-फाइव्ह स्मृतीच्या यंत्रांत एक नवी गंमत आहे. पहिल्यांदा चालू केल्यावर यंत्र रॅमशी जुळवून घेतं, याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्यात काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो. माणूस घाबरतो, बटण दाबून बंद करतो, पुन्हा चालू करतो, पुन्हा बंद. म्हणजे चालू असलेल्या यंत्राला आपणच चालू होऊ देत नाही. बीप देणारा छोटा स्पीकर आता कॅबिनेटसोबत बहुतेक येत नाही. त्याऐवजी बऱ्याच बोर्डांवर चार बारीक दिवे असतात, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जो दिवा लागून राहतो, तिथे यंत्र अडलं आहे. ते २०१ आणि ३०१ चेच नातू.

आता व्यवहाराचं बोलतो, कारण प्रश्नोत्तरांत हेच विचारणार आहात. नवं मशीन चालू होत नाही, काय करायचं? सगळ्यात आधी पाच मिनिटं थांबा. मग सॉकेट दुसऱ्या उपकरणाने तपासा, एसएमपीएसच्या मागचा स्विच बघा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डला आहे की चुकून बोर्डाला, ते बघा. प्रोसेसरचा वेगळा वीज कनेक्टर बघा. रॅम दोन्ही टोकांना ‘टक्‌’ आवाज येईपर्यंत बसली का, ते बघा. नाहीच झालं, तर वीज काढून बोर्ड बाहेर घ्या, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, त्याचा कूलर, एक रॅम, एवढंच. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही. चालू झालं, तर एकेक भाग वाढवत जा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या आणि चालू झालं, तर तुम्हाला काहीच कळलेलं नसतं. तरीही गप्प असेल तर बॅटरी काढून बायॉसच्या सेटिंग पुसा, आणि बोर्डाचं बायॉस तुमच्या नव्या प्रोसेसरला ओळखतं का, हे कंपनीच्या यादीत बघा. या सगळ्यानंतर, आणि या सगळ्यानंतरच, ‘डेड’ हा शब्द उच्चारा.

ही पद्धत माझी नाही. आधी थोडं चालवून मग वाढवायचं, हे टिफ्रॅकवाल्यांचं. मधून उघडून बघायचं, हे नहरीचं. खोक्यावर ठेवायचं, हे लॅमिंग्टन रोडचं.

शेवटची एक काळजी बोलून दाखवतो. आज लॅपटॉपमध्ये पुष्कळदा रॅम बोर्डालाच झाळलेली असते. झाकण चिकटवलेलं असतं. बंद पडलं की उत्तर एकच, अख्खा बोर्ड बदला. यंत्रं चांगली आहेत, हलकी आहेत, मीही वापरतो. पण त्यात उतरायला दार नाही. डेस्कटॉप हे घरातलं असं शेवटचं यंत्र राहिलंय, की ज्यात एखादं पोरगं बारा हजारांच्या जुन्या भागांवर हात बसवू शकतं, चुकू शकतं, आणि आपली चूक स्वतः शोधू शकतं. ते पोरगं तुमच्या घरात असेल, आणि त्याचं मशीन चालू झालं नसेल, तर त्याला ‘पैसे घातलेस’ असं लगेच म्हणू नका. टेबल मोकळं करून द्या. आणि खुंट्या मोजायला सांगा.

एवढं बोलून थांबतो.